मालकांची फुकणी

आमच्या भट्टीपुढे लोखंडाला नाव सांगावं लागायचं. गिऱ्हाईक कोणीही असो, त्याने यायचं, भात्याची दोरी एकदा स्वतःच्या हाताने ओढायची आणि विस्तवाकडे तोंड करून मोठ्याने म्हणायचं, "विळा होऊ दे," नाहीतर "फाळ होऊ दे," नाहीतर "गाडीच्या चाकाची धाव होऊ दे." मगच माझा बा ते लोखंड हातात घ्यायचा. नाव न सांगता टाकून गेलेलं लोखंड कोपऱ्यात गंजत पडायचं. ही रीत माझ्या आज्याने घातली. त्याने एकदा एका माणसाला सुरा करून दिला, कशाला पाहिजे म्हणून विचारलं नाही, आणि त्या माणसाने तो सुरा सख्ख्या भावाच्या पोटात घातला. तेव्हापासून आमच्या घरी विचारणं सुरू झालं. आणि एकदा विस्तवापुढे बोललेलं नाव बदलायचं नाही, हेही त्यातच आलं. विळा म्हणालास ना, मग विळाच होईल. घरी जाऊन मन फिरलं तर दुसरं लोखंड आण. लोक हसायचे, पण दोरी ओढायचे.

शिकलेली माणसं याला अंधश्रद्धा म्हणतात. म्हणोत बापडी. माझा थोरला मुलगा इंजिनेर आहे, तोही म्हणतो. मी त्याला म्हणते, तुझ्या कारखान्याच्या फाटकावर एक भाता टांग, आणि तुझ्या साहेबांना एकेकदा दोरी ओढून मोठ्याने सांगायला लाव की तुम्ही काय करून राह्यले. बघू कितीजण तोंड उघडतात ते. तो हसतो आणि विषय बदलतो. मी काही बदलत नाही. मला आता कोणाची भीती नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही फारशी नव्हती.

आमचं गाव नागभीडपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. चहूकडे धानाच्या बांध्या, पलीकडे जंगल आणि गावाच्या उशाला मोठा तलाव. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. पडवीच्या एका टोकाला बाची भट्टी, दुसऱ्या टोकाला मायची चूल. दोन्हींचा धूर एकाच कौलांतून बाहेर पडायचा, त्यामुळे आमच्या भाताला कोळशाचा वास आणि बाच्या अंगाला लाखोरीच्या डाळीचा वास. सकाळी जाग यायची ती भात्याच्या आवाजाने. म्हाताऱ्या माणसाला दम लागावा तसा तो घरघरायचा. मग घणाचा आवाज, मग कानशीचा. कानशीच्या आवाजाने शेजारणींचे दात आंबायचे. मला मात्र त्या आवाजात झोप लागायची.

माय दुपारी पेज द्यायची, सोबत जवसाची चटणी आणि वाळलेले झिंगे विस्तवावर भाजून. आठवड्यातून एकदा डोमाभाऊ मासोळी आणून द्यायचा. डोमाभाऊ म्हणजे तलावावरच्या ढिवरांचा, मासे धरणाऱ्यांचा पुढारी. पुढारी म्हणजे भाषण करणारा नव्हे हो. सगळ्यात आधी पाण्यात उतरणारा आणि सगळ्यात शेवटी बाहेर येणारा, एवढाच पुढारी. त्याच्या जाळ्याच्या कड्या आमच्याकडे व्हायच्या. माय त्या मासोळीचं सार आंबाडीचा पाला घालून करायची, इतकं आंबट की डोळे मिटायचे. आता माझी सून बाजारातला मसाला घालते आणि विचारते, "आई, जमलं का?" मी म्हणते, जमलं. खोटं बोलते.

बाचं नाव मारोती. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकायची नाहीत. बेचाळीस साली चिमूरच्या धामधुमीत कोणीतरी चुगली केली होती की मारोती लोहार भाले करून देतो. त्याने एकही भाला केला नव्हता. पण ठाण्यात नेलं, आणि परत आला तेव्हा हात तसा झाला होता. घण तो अजूनही उचलायचा, पण कानस त्याच्या हातात ठरायची नाही. मग बारीक काम माझ्याकडे आलं. माय म्हणायची, "पोरीच्या जातीले कानस सोभते का?" आणि लगेच म्हणायची, "त्या विर्‍याले धार बरी लागली, गिरजे." मी लुगडं नेसायला लागून फार दिवस झाले नव्हते, पण गावातल्या अर्ध्या विळ्यांना माझ्या हातची धार होती आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ठाण्यातून आल्यापासून बा बदलला होता. खाकी रंगाचं काही दिसलं की घरात जायचा. एकदा पोस्टमन आला तर मागच्या दाराने बाहेर पडला. मला त्याचा राग यायचा, आणि रागाच्या मागोमाग रडू यायचं, आणि रडू आलं म्हणून परत राग. त्या वयात माझ्याकडे रागाला तोटा नव्हता.

गावाचे मालक म्हणजे मालगुजार, आमच्याकडचे जमीनदार. थोरले मालक वारले, आणि छोटे मालक नागपूरला शिकून परत येईपर्यंत मालगुजारीच गेली. तलाव सरकारजमा झाला. ढिवरांची सोसायटी झाली आणि तलावात मासे धरायचा हक्क तिला मिळाला. हे सगळं झालं ते कागदावर. छोट्या मालकांच्या डोक्यातून तलाव काही गेला नाही. भर चैतात कोट घालून ते तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, फिरायचे आणि दिसेल त्याला सांगायचे, "या पाण्यात माझ्या आजोबाचं नाव आहे." डोमाभाऊने एकदा त्यांना म्हटलं, "असन मालक. पन मासोरी त आमाले त्याच्या नावानं सापडत नाई." ही गोष्ट गावभर झाली. छोटे मालक हसले नाहीत. वैशाखात पाणी उतरलं की सोसायटीचं पहिलं जाळं पडणार होतं, आणि मालकांनी चावडीपुढे उभं राहून सांगितलं की जो पहिल्यांदा पाण्यात उतरेल तो बाहेर येणार नाही. पहिल्यांदा कोण उतरणार हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवसांतच ते एका दुपारी आमच्याकडे आले. बा पेज पीत होता. माय शेजारी गेली होती, मी चुलीपाशी झिंगे भाजत होते. मालकांच्या गड्याने एक पोतं पडवीत ठेवलं आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. पोत्यात त्यांच्या घरची जुनी भरमार, म्हणजे तोंडातून बार ठासायची, बंदूक होती. सरकार घरोघरच्या बंदुका जमा करत होतं तेव्हा थोरल्या मालकांनी ती तणसाच्या ढिगात लपवली होती. तिथेच ती विसरली गेली आणि लाकूड कुजून गेलं. राहिली होती नुसती लांबलचक गंजलेली नळी आणि चार खिळे.

"मारोत्या," मालक म्हणाले, "ही नळी आखूड करायची. कोटाच्या आत राहिली पाहिजे. पिस्तूल करून दे याचं."

बाने वाटी खाली ठेवली. "मालक, हे काम मले नाई येत."

"तुझ्या पोरीला येतं म्हणतात."

"तिले विरे येतेत, मालक."

"फालतू बात नको करू. भाले कोण करत होता हे लोक विसरले असतील, मी नाही विसरलो. ठाण्यात माझं जाणं-येणं आहे."

मी झिंगे तसेच जळू दिले. मला वाटलं, आता बा हो म्हणेल आणि माझ्याने त्याच्याकडे बघवणार नाही. बा म्हणाला, "मंग मालक, भट्टीपुढं नाव सांगा लागन." तो काही अडवत नव्हता. इतकी वर्षं तोंडात बसलेलं वाक्य होतं, ते भीतीत बाहेर पडलं एवढंच. पण पडलं.

मालक मोठ्याने हसले. "सांगतो ना! उद्या सकाळीच येतो. तुझ्या भट्टीची इज्जत ठेवतो." आणि पोतं गड्याच्या खांद्यावर देऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीवर गर्दी होती. नांगरणीचे दिवस जवळ आले होते, फाळ शेवटायला, म्हणजे तापवून टोक काढून घ्यायला, दहा-बारा शेतकरी बसले होते. डोमाभाऊही होता, जाळ्याच्या कड्या सांगायला आलेला. मालक आले तसे सगळे उभे राहिले. पोतं गड्याच्या खांद्यावर, नळी आत गुंडाळलेली. मालकांनी खिशातून रुमाल काढला, रुमालात दोरी धरली, दोन बोटांनी ओढली, आणि विस्तवाकडे तोंड करून म्हणाले, "फुकणी होऊ दे. आमच्या घरची फुकणी फुटली आहे." आणि बाच्या तोंडाकडे बघून एक डोळा मिटला. गड्याने पोतं ऐरणीपाशी ठेवलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, फुकणी म्हणजे चूल फुंकायची नळी. आता गॅस आला, बटण दाबलं की जाळ. तेव्हा प्रत्येक चुलीपाशी एक फुकणी असायची, गरिबाची बांबूची, बऱ्या घरची लोखंडाची. मालक गेल्यावर शेतकरी आपापसात हसायला लागले. एकजण म्हणाला, "फुकनी द्याले मालक खुद आले! मालकीनबाई लयच तापल्या वाटते." डोमाभाऊ हसला नाही. पोत्याच्या तोंडातून नळीचा टोकाचा भाग दिसत होता, त्याच्याकडे तो बघत होता. मग त्याने दोरी ओढली, "कड्या होऊ दे," म्हणाला, आणि गेला.

संध्याकाळी बा मला अंगणात बोलावून म्हणाला, "पोरी, उद्या मी नागभीडच्या बाजाराले जातो. मी येईपर्यंत ते काम करून ठेव."

"कोनतं काम?"

"तुले मालूम हाये कोनतं."

"तो ते डोमाभाऊवर चालवन, बा."

"चालवन नाई. निस्ता दाखवन."

"आन दाखवून डोमाभाऊ भ्याला नाई त?"

बा बाजाराची पिशवी झटकायला लागला.

"तुमी आमाले आयुष्यभर काय सांगतलं? विचारल्याबिगर सुरा कराचा नाई. इथी त विचारलं बी अन सांगतलं बी. मालूम असून कराचं?"

"मले परत तिथी जाचं नाई, गिरजे," बा म्हणाला. एवढंच. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. मला वाटलं आपण जन्मायलाच नको होतं. ठाणं म्हणजे बाचा जीव, आणि नळी म्हणजे डोमाभाऊचा. मधे मी, हातात कानस घेऊन. मी जेवले नाही. ताट ढकलून चुलीपाशी जाऊन बसले.

माय चुलीशी झगडत होती. लाकूड ओलं होतं आणि तिची बांबूची फुकणी तोंडाशी जळून काळी पडली होती, फुंकलं की राखच तोंडात यायची. माय त्या सकाळी विहिरीवर होती. तिला जे कळलं ते बायांकडून, आणि बायांना जे कळलं ते एवढंच की मालकांनी फुकणी करायला टाकली. तिने पोत्यातली नळी बाहेर काढून पाहिली होती आणि दिवसभर तिच्या मनात तेच चाललं होतं.

"माह्या घरी लोहार," ती म्हणाली, "अन मी बांबू फुकतो. मालकाची फुकनी पयले, घरची कधी? आन एवढी लांब नरी फुकनीले? उचलन कोन तिले? मालकीनबाईचा हात मोडन. चांगली लहान कर तिले. आन मांगचं तोंड त बंदच हाये त्याचं! बंद नरीतून कोनी फुकते का? दोन्ही तोंडं खुली कर, अन घासून साफ कर, न्हाईत त्या बिचारीचे ओठ कापन."

मी मायकडे बघतच राहिले. माझी माय, जिला बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तिने त्या नळीला पाहिलं आणि तिला खरोखरच फुकणी दिसली. कारण भट्टीपुढे फुकणी म्हटलं होतं. आमच्या घरात भट्टीपुढे बोललेलं कोणी खोटं मानत नव्हतं, आणि ते खोटं असू शकतं हे मायच्या डोक्यातही आलं नव्हतं. मला एवढ्या जोरात हसू फुटलं की माय म्हणाली, "येडी झाली का?"

"माय," मी म्हटलं, "उद्या भाता ओढसील का? मालकाची फुकनी कराची हाये."

"ओढीन. काऊन नाई?"

बा पहाटे बाजाराला गेला आणि आम्ही दोघी कामाला लागलो. कसं कापलं, काय केलं, ते सांगत बसत नाही. लोखंड जुन्या काळचं होतं, चांगलं होतं, आणि ते सहजासहजी ऐकणारं नव्हतं. मायने भाता ओढला, घामाने तिचं लुगडं अंगाला चिकटलं. बंदूक म्हणजे एक तोंड बंद आणि एक उघडं. फुकणी म्हणजे दोन्ही उघडी. सगळा फरक एवढाच आहे. मागचं बंद तोंड जेव्हा छिन्नीखाली तुटून ठणकन जमिनीवर पडलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आता त्या नळीत जगातला कोणीही लोहार बार भरू शकणार नव्हता. माय म्हणाली, "आता झाली नं फुकनीसारखी," आणि तिने फुंकून पाहिलं. गंजाची पूड उडाली आणि ती खोकत सुटली.

नळीचा तुकडा बराच उरला. उरलेलं लोखंड लोहाराचं, हीसुद्धा रीतच, ती मी घातलेली नाही. त्याच्या मी डोमाभाऊच्या जाळ्याच्या कड्या केल्या.

दिवस कलता बा आला. खांद्यावरचं ओझं उतरवलं आणि पहिल्यांदा कोपऱ्यात बघितलं. फुकणी ऐरणीवर ठेवलेली होती. त्याने ती उचलली आणि एका टोकाला डोळा लावला. मी दुसऱ्या बाजूला उभी होते. आरपार त्याला मी दिसले असणार, कारण तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मी म्हटलं, आता मारतो. मारू दे. मी मागे सरणार नव्हते.

बा खाली बसला. नळीच्या तोंडावरून त्याने वाकत नसलेलं बोट फिरवलं. मग म्हणाला, "इथी अजून खरबडीत हाये. कानस आन."

मी कानस दिली. त्याच्या हातात ती ठरत नव्हती, सटकत होती, तरी त्याने दोन्ही हातांनी धरून ते तोंड घासलं. माय मधेच म्हणाली, "एवढा काय बारीक घासता, फुकनीच त हाये," तर बा म्हणाला, "मालकाची हाये. चांगली झाली पाह्यजे."

पहिलं जाळं पडायचा दिवस उजाडला. मालकांनी निरोप धाडला होता की काम तयार ठेव, तलावावर जाताना घेऊन जाईन. पण आम्ही घरी थांबलोच नाही. जाळं पडलं की सगळं गाव पाळीवर जमतं, तिथेच तीन दगड मांडून पहिली मासोळी शिजते, आणि ती चूल त्या वर्षी माय मांडणार होती. मी फुकणी घेतली. बा म्हणाला, "मी बी येतो." रस्त्यात एक खाकीवाला सायकलवरून गेला. बा माझ्या बाजूने चालत राहिला.

डोमाभाऊ पाण्यात उतरला होता. कमरेपर्यंत पाणी, खांद्यावर जाळं, जाळ्याला माझ्या हातच्या नव्या कड्या. मालकांच्या बंदुकीची निम्मी नळी अशी तलावात गेली. मी पाळीखाली चूल पेटवत होते. लाकडं ओली, धूर डोळ्यांत. मी फुंकत होते आणि फुकणीतून भसाभसा वारा जात होता. तेवढ्यात पाळीवर गडबड झाली. मालक येत होते. कोट घातलेला, दोन गडी काठ्या घेऊन मागे. आमच्या घराला कुलूप बघून ते तसेच आले होते आणि त्यांचा चेहरा तापलेला होता.

"मारोत्या! माझं काम कुठे आहे?"

बा पुढे झाला. आधी त्याने मागच्या वाटेकडे पाहिलं, मी बघत होते. पण झाला. "झालं मालक. गिरजीजवर हाये."

मी उठले. फुकणीला राख लागली होती, ती पदराने पुसली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. "घ्या मालक. तुमची फुकनी."

त्यांनी ती हातात घेतली. आधी त्यांना कळलंच नाही. मग उलटी केली. मग परत सुलटी केली. उन्हाकडे धरली तर नळीतून उजेड आरपार आला आणि त्यांच्या कोटावर पडला. ते पांढरे पडले.

"हे काय केलंस?"

"फुकनी."

"मी तुला हे सांगितलं होतं?"

"भट्टीपुढं दोरी ओढून तुमीच सांगतलं, मालक. हे सगरे होते तिथी."

"हो मालक, होतो आमी," फाळवाले शेतकरी म्हणाले. एकजण म्हणाला, दुसरा म्हणाला, मग तिसरा. त्यांना खरं काय ते कळत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण फुकणी म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं, आणि ऐकलं होतं ते ते सांगत होते.

"मी दुसरं सांगितलं होतं," मालक ओरडले. "मी सांगितलं होतं की..."

आणि थांबले.

"काय सांगतलं होतं, मालक?" मी विचारलं. "सांगा नं. मोठ्यानं सांगा. नाव सांगा."

सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. पाण्यात डोमाभाऊ उभा होता, जाळं तसंच खांद्यावर. मालकांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काही बाहेर येत नव्हतं. त्यांनी फुकणी काठीसारखी उचलली, माझ्या डोक्यावर. मी हलले नाही. खरं सांगते, मला मार खायचा होता, म्हणजे मालक कसले आहेत ते सगळ्यांना दिसलं असतं. पण बा मधे आला. बा, जो पोस्टमनला बघून पळाला होता.

"मालक," तो म्हणाला, "ठान्यात जाचं हाये नं? चाला. मी बी येतो. काय सांगान तिथी? फुकनी सांगतली अन लोहारानं फुकनी केली मनून?"

पहिल्यांदा एक म्हातारी हसली. दात नव्हते तिला, नुसत्या हिरड्या. मग बाया हसल्या, मग पाळच्या पाळ हसली. मालकांच्या मागे उभ्या असलेल्या गड्याने मान खाली घातली, त्याचेही खांदे हलत होते. मायला मात्र काहीच कळत नव्हतं. ती पुढे येऊन कळवळून म्हणाली, "मालक, रागवू नोका जी. मोठी वाटत असन त अजून लहान करून देतो. मालकीनबाईनं फुकून त पाहू द्या!"

मालकांनी फुकणी खाली टाकली आणि गेले. पाळीवरून, उन्हातून, कोटासकट. डोमाभाऊने जाळं फेकलं. त्या दिवशीची मासोळी किती निघाली ते मी मोजलं नाही, पण तीन वेळा हंडा चढवला आणि फुंकून फुंकून माझे गाल दुखले.

पुढे दोन वर्षं वाड्यावरून आमच्याकडे एक खिळाही आला नाही. न येवो. बा त्यानंतर कधी मागच्या दाराने बाहेर पडला नाही. माय मरेपर्यंत म्हणायची, की मालकांना फुकणी पसंत पडली नाही याचं तिला वाईट वाटतं, एवढी चांगली झाली होती. तिला खरं काय ते आम्ही कधी सांगितलं नाही. तिने सुचवलेलंच आम्ही केलं होतं, आणि तिचंच बरोबर होतं.

फुकणी माझ्याकडे आहे. गॅसच्या शेगडीवर, खिळ्याला टांगलेली. सुनेला ती भिंतीवर आवडत नाही, पण ती काढत नाही, मला ओळखते. मध्ये एकदा माझ्या थोरल्याचा एक मित्र आला, पोलिसात मोठ्या हुद्द्यावर. पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला आणि भिंतीकडे बघत राहिला. खाली काढून त्याने ती हातात वजनाला धरली, डोळा लावला आणि म्हणाला, "काकू, ही तर बंदुकीची नळी आहे. कुठून आली?"

मी भाजी चिरत होते. मान वर केली नाही.

"फुकणी आहे ती," मी म्हटलं. "नाव मालकांनीच ठेवलंय."